आगीची वाट : बाहेरून की आतून?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिला.)



विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "अणुइंधनाच्या वड्या सूक्ष्मतरंगांनी भाजणे." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. नववी-दहावीची मुले समोर बसणार, त्यांना हे कसे पचेल? मी म्हटले, काळजी करू नका. विषय अणूचा असला तरी गोष्ट भट्टीची आहे, आणि भट्टी आपल्यापैकी कोणाला नवीन आहे? मोमिनपुऱ्यात संध्याकाळी चक्कर मारणाऱ्या प्रत्येकाने तंदूर पाहिला आहे. शहराबाहेर पडले की विटांच्या भट्ट्या दिसतात. भद्रावतीला ग्रामोदय संघात मातीची भांडी भाजली जातात. म्हणून आपण तंदुरापासूनच सुरुवात करू.

माझ्या मामूंची बेकरी होती. लहानपणी मी तिथे तासन् तास बसे. मामू नेहमी सांगत की भट्टी फार तापली तर पाव बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. कारण साधे आहे. उष्णता पावाच्या पृष्ठभागावर पडते आणि तिथून हळूहळू आत शिरते. तिला आत जायला वेळ द्यावा लागतो. हा नियम पावाला लागू आहे, विटेला लागू आहे आणि अणुभट्टीतल्या इंधनालाही लागू आहे. पुढचे सगळे भाषण या एका नियमाचा विस्तार आहे, असे समजा.

हा नियम मी बेकरीत ऐकला, पण शिकलो मात्र चूक करून. शिक्षण पूर्ण झाल्यावर मी अग्निविटांच्या एका कारखान्यात उमेदवारी करीत होतो. अग्निवीट म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराची, प्रखर आच सोसणारी वीट. एकदा मालाची घाई होती. रात्रपाळीला भट्टी माझ्या हाती होती. ठरल्यापेक्षा लवकर आच वाढवली तर सकाळपर्यंत काम उरकेल, असा मी हिशेब केला. सकाळी उस्ताद आले. भट्टी निवल्यावर दार उघडले तेव्हा अर्ध्याहून अधिक विटांना तडे गेलेले. मी मान खाली घालून उभा होतो. उस्ताद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, आग बाहेरून आत जाते. हुकमाने जात नाही." ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. पण पुढे वाचनात मला अशी एक आग भेटली, जी बाहेरून आत जात नाही, आतच पेटते. तिच्याविषयी आज सांगायचे आहे.

आधी अणुइंधन म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत असते की अणुभट्टीत काही चमकणारा, धगधगणारा धातू असतो. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे १९६० साली सुरू झालेल्या सायरस या संशोधन अणुभट्टीत युरेनियम धातूच्या कांड्या वापरीत, हे खरे. परंतु वीज निर्माण करणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांत युरेनियम डायऑक्साइड वापरतात. हा पदार्थ धातू नाही, तो सिरॅमिक आहे, म्हणजे चिनीमातीच्या कपबशीचा दूरचा भाऊ. युरेनियम धातू ११३२ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि किरणोत्सर्गात तो फुगतो व वेडावाकडा होतो. युरेनियम डायऑक्साइड वितळायला २८०० अंशांहून अधिक तापमान लागते. गरम पाण्याशीही त्याचे फारसे वैर नाही. म्हणून धातू मागे पडला आणि सिरॅमिक पुढे आले.

हे इंधन काळसर भुकटीच्या रूपात तयार होते. ती भुकटी साच्यात घालून प्रचंड दाबाखाली तिच्या लहान वड्या पाडतात. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी या वडीचा व्यास साधारण दीड सेंटिमीटरच्या आत असतो. दाबून काढलेली वडी कच्ची असते. खडूसारखी, हातात चुरा होईल अशी. तिच्यातली जवळजवळ निम्मी जागा रिकामीच असते. ती पक्की करण्यासाठी हायड्रोजन वायूच्या वातावरणात सुमारे १७०० अंशांना कित्येक तास भाजतात. हायड्रोजन एवढ्यासाठी की वडीतला जादा ऑक्सिजन त्याने काढून घ्यावा. या भाजण्याला सिंटरिंग म्हणतात.

सिंटरिंगमध्ये पदार्थ वितळत नाही, हे लक्षात ठेवा. मग कण चिकटतात कसे? बर्फाचे खडे भांड्यात घालून फ्रीजच्या बर्फकप्प्यात ठेवा. काही दिवसांनी ते एकमेकांना चिकटून एक ढेकूळ झालेले दिसतील. पाणी झाले नाही, तरी जिथे खडे एकमेकांना टेकले होते तिथे सांधा तयार झाला. युरेनियम डायऑक्साइडचे कण १७०० अंशांना तेच करतात. टेकलेल्या जागी अणू सरकतात, सांधा रुंद होतो, मधली छिद्रे आक्रसतात. कच्ची वडी पूर्ण घनतेच्या ५५ टक्के असेल आणि पक्की ९५ टक्के, तर हिशेब करून पाहा. तिचे आकारमान ४० टक्क्यांहून अधिक घटते आणि व्यास सुमारे सहाव्या हिश्शाने कमी होतो. एवढी आक्रसणारी वस्तू सगळीकडून सारखी आक्रसली नाही तर काय होईल? तडा जाईल, नाहीतर ती डमरूसारखी मध्ये बारीक होईल.

आता कोणी विचारील, एका वडीला तडा गेला तर एवढे काय बिघडले? विद्यार्थी मित्रांनो, याच प्रश्नाशी आपण थोडे थांबू.

आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत ३०६ नळमार्ग असतात आणि प्रत्येकात इंधनाचे १२ जुडगे. म्हणजे ३६७२ जुडगे झाले. एका जुडग्यात झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या १९ नळ्या, आणि प्रत्येक नळीत एकामागून एक रचलेल्या वड्या. अर्ध्या मीटर लांबीच्या अशा एका जुडग्यातून जेवढी उष्णता निघते, तेवढीसाठी शेकडो टन कोळसा जाळावा लागेल. कोराडीला जाणाऱ्या कोळशाच्या गाड्या आठवा, म्हणजे अंदाज येईल. ही सगळी उष्णता वडीतून नळीकडे आणि नळीतून पाण्याकडे जाते. युरेनियम डायऑक्साइड उष्णतेचा वाईट वाहक आहे. त्यामुळे वडीच्या पृष्ठभागापेक्षा तिच्या गाभ्याचे तापमान शेकडो अंशांनी जास्त असते. शिवाय अणुभंजनात झेनॉन व क्रिप्टॉन हे वायू तयार होतात. ते सामावून घेण्यासाठी वडीत थोडी छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. छिद्रे फार झाली तर वडी कमकुवत, फार कमी झाली तर वायूला जागा नाही.

१९७२ साली अमेरिकेतील गिना अणुवीज केंद्रात इंधनाच्या काही नळ्या ठिकठिकाणी चपट्या झालेल्या आढळल्या. शोध घेतला तेव्हा कळले की पुरेशा घट्ट न झालेल्या वड्या अणुभट्टीच्या उष्णतेत व किरणोत्सर्गात आणखी आक्रसल्या. वड्यांच्या रांगेत मोकळ्या जागा पडल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिथे नळी आत दबली. भट्टीत अर्धवट राहिलेले काम अणुभट्टीत पुरे झाले, असे म्हणता येईल. त्यानंतर जगभर वड्यांच्या घनतेचे व स्थिरतेचे नियम अधिक कडक झाले. म्हणून वडी भाजण्याची पद्धत बदलणे हा नुसता कारखान्याच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. तो विश्वासाचा प्रश्न होतो.

आता सूक्ष्मतरंगांकडे वळू. इंग्रजीत यांना मायक्रोवेव्ह म्हणतात, आणि तो शब्द आता आपल्या स्वयंपाकघरातही आला आहे. अशा आखूड लहरींवरचे सुरुवातीचे उत्कृष्ट प्रयोग १८९० च्या दशकात कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी केले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पुढे १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल व बूट या दोघांनी मॅग्नेट्रॉनचे असे रूप बनवले की त्यातून जोरदार सूक्ष्मतरंग निघू लागले. त्याचा पहिला उपयोग युद्धात रडारसाठी झाला. त्याच मॅग्नेट्रॉनने अन्न शिजवता येते हे अमेरिकेतील पर्सी स्पेन्सर यांनी युद्ध संपता संपता ओळखले. एकच साधन विमान शोधते आणि भातही गरम करते. साधनाला धर्म नसतो, तो वापरणाऱ्याला असतो.

घरच्या मायक्रोवेव्ह भट्टीतील लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ आणि लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. या लहरींच्या दृष्टीने पदार्थ तीन प्रकारचे. धातू त्यांना परत फेकतात. काचेसारखे पदार्थ त्यांना बहुतांशी पार जाऊ देतात. आणि पाण्यासारखे पदार्थ त्यांना शोषून स्वतः तापतात. म्हणून भांडे कोमट राहते आणि आतला भात वाफाळतो. लहर पदार्थाच्या आत शिरते आणि जिथे शोषली जाते तिथेच उष्णता होते. उस्तादांच्या नियमाला इथे पहिल्यांदा अपवाद सापडला.

सिरॅमिक पदार्थांत पाणी नसते, मग ते कसे तापावेत? युरेनियम डायऑक्साइडच्या बाबतीत निसर्गाने सोय करून ठेवली आहे. त्यातले काही इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारू शकतात. लहरीचे विद्युतक्षेत्र त्यांना मागे-पुढे ढकलते आणि त्या धावपळीत उष्णता होते. अमेरिकेतील ओक रिज येथील हास या संशोधकाने युरेनियमची ऑक्साइडे मायक्रोवेव्ह भट्टीत तापतात, हे १९७९ साली प्रसिद्ध केले. २००४ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी युरेनियम डायऑक्साइडच्या वड्यांचे मायक्रोवेव्हमध्ये सिंटरिंग केल्याचे काम प्रसिद्ध केले. मधल्या काळात रांची येथे जन्मलेले आणि पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेले रुस्तुम रॉय व त्यांचे सहकारी दिनेश अगरवाल यांनी या पद्धतीला मोठी चालना दिली. धातूच्या तुकड्यावर लहर आदळून परत जाते, पण धातूच्या भुकटीची दाबलेली वस्तू मात्र मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण भाजून निघते, हे त्यांच्या गटाने १९९९ साली दाखवले तेव्हा जाणकारही चकित झाले.

या पद्धतीचे फायदे कोणते? पहिला वेळेचा. भट्टीच्या भिंती, तारा, वायू हे सगळे तापवत बसावे लागत नाही, वडीच तापते. कित्येक तासांचे काम बरेच कमी वेळात होऊ शकते. दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो कामगाराचा आहे. प्लुटोनियम मिसळलेले इंधन उघड्यावर हाताळता येत नाही. त्याची धूळ श्वासातून गेली तर घातक. म्हणून सगळे काम बंद काचपेटीत, पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून करतात. अशा पेटीत नेहमीची भट्टी बसवली की तिच्या तारा, अस्तर, दुरुस्ती हे सारे पेटीच्या आत. मायक्रोवेव्हमध्ये लहरी निर्माण करणारे यंत्र पेटीबाहेर ठेवता येते. लहरी धातूच्या पोकळ नळीतून व एका बंद खिडकीतून आत जातात. यंत्र बिघडले तर बाहेरच्या बाहेर दुरुस्त करता येते. जपानमध्ये तोकाई येथे १९८३ पासून प्लुटोनियम व युरेनियमचे द्रावण मायक्रोवेव्हने तापवून त्याची ऑक्साइड भुकटी बनवण्याचा कारखाना उभा राहिला, त्यामागे अशाच सोयी होत्या.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग अडले कुठे? अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत, आणि त्या लपवणारा माणूस विज्ञानाचा मित्र नव्हे.

पहिली अडचण अशी की पुष्कळ सिरॅमिक पदार्थ जितके तापतात तितक्या जास्त लहरी शोषतात. जास्त शोषल्या की आणखी तापतात. एखादा कोपरा जरा पुढे गेला की तो सुसाट सुटतो आणि बाकीचा भाग मागे राहतो. दुसरी अडचण, इथे वडीचा गाभा तापलेला आणि पृष्ठभाग थंड, कारण पृष्ठभागावरून उष्णता बाहेर जाते. म्हणजे मामूंच्या पावाची तक्रार उलटी झाली, संपली नाही! म्हणून वडीभोवती उष्णतारोधक वेष्टण घालावे लागते, किंवा लहरी शोषणारा दुसरा पदार्थ शेजारी ठेवून बाहेरूनही आच द्यावी लागते. तिसरी अडचण मोजमापाची. नेहमीची तापमापक तार लहरींच्या क्षेत्रात गोंधळ घालते, म्हणून बहुधा दुरून प्रकाशावरून तापमान ओळखावे लागते. ते पृष्ठभागाचे कळते, गाभ्याचे नव्हे. "मायक्रोवेव्हमध्ये कमी तापमानाला सिंटरिंग होते," असा दावा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा, तापमान कोठे आणि कसे मोजले? या एका प्रश्नावर संशोधकांत बरीच वर्षे वाद झाला आहे.

आणखी एक बारकी गोष्ट. झटपट भाजले की वडीतले कण बारीक राहतात. कपबशीसाठी हे चांगले. इंधनाच्या वडीत मात्र मोठे कण वायूंना अधिक काळ आत धरून ठेवतात. म्हणजे जे एका ठिकाणी गुण, तेच दुसऱ्या ठिकाणी दोष ठरू शकतो. या सर्व कारणांमुळे आजही मोठ्या प्रमाणावर इंधनाच्या वड्या नेहमीच्या विद्युत भट्ट्यांतच भाजल्या जातात आणि मायक्रोवेव्ह सिंटरिंग मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

आपल्या देशाला यात रस का असावा? कारण आपल्याकडे युरेनियम बेताचे आणि केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत थोरियम मुबलक. डॉ. होमी भाभा यांनी या परिस्थितीवरच तीन टप्प्यांची योजना आखली होती. थोरियमचे ऑक्साइड वितळायला सुमारे ३३०० अंश लागतात, त्यामुळे ते भाजणे युरेनियमपेक्षाही कठीण. मायक्रोवेव्हलाही ते सुरुवातीला दाद देत नाही. लहरी पार निघून जातात, म्हणून शेजारी सिलिकॉन कार्बाइडसारखा शोषक ठेवून आधी तापवावे लागते. शिवाय थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३ बरोबर तीव्र गॅमा किरण येतात, तेव्हा जाड भिंतीआडून, दुरूनच काम करावे लागेल. जिथे माणसाने कमी वेळ थांबावे अशी गरज, तिथे जलद आणि आटोपशीर भट्टीची किंमत कळते.

हे काम आपल्या महाराष्ट्रापासून दूर नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात युरेनियम-प्लुटोनियम कार्बाइडचे इंधन तयार झाले आणि १९८५ साली कल्पाक्कमची द्रुतगती चाचणी अणुभट्टी त्यावर सुरू झाली. तारापूरला मिश्र ऑक्साइडच्या वड्या बनवण्याचा कारखाना आहे. सूक्ष्मतरंगांच्या उपयोगावर काम करणारी समीर ही संस्था १९८४ पासून मुंबईत आहे. आणि खुद्द नागपुरात? अणुखनिज संचालनालयाचे मध्य विभागाचे कार्यालय इथे आहे. १९६० साली स्थापन झालेले आपले विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आज राष्ट्रीय संस्था आहे, तिथे धातुशास्त्र शिकवतात.

पालकहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कोणाची बेकरी असेल, कोणाचे वेल्डिंगचे दुकान, कोणाची वीटभट्टी. मुलगा किंवा मुलगी तिथे बसते तेव्हा अभ्यास बुडतो, अशी तुमची तक्रार असते. अभ्यास बुडू देऊ नका, हे तर खरेच. पण भट्टीजवळ बसलेल्या मुलाने "हे बाहेरून का करपले?" असे विचारले, तर त्याला गप्प करू नका. तो प्रश्न आणि ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेतला प्रश्न एकच आहे. मधे फक्त काही वर्षांचे गणित आणि पदार्थविज्ञान आहे, आणि ते शिकवायला शाळा आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी माझी ती फुटलेल्या विटांची रात्र. मी त्या रात्री आळस केला नव्हता. मला वाटले, मी हुशारी करतो आहे. तापमापक जे दाखवीत होता तेवढेच मी पाहिले, विटेच्या आत काय चालले आहे याचा विचार केला नाही. नुकसान विटांचे होते म्हणून माझी चूक भरून निघाली. इंधनाच्या वडीपाशी बसणाऱ्याला अशी सवलत नसते. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा भट्टीसमोर उभा राहिला, मग ती बाहेरून तापणारी असो वा आतून, तर त्याने नवीन पद्धतीला घाबरू नये आणि तिला भुलूही नये. आत काय चालले आहे ते मोजावे, पुन्हा मोजावे, आणि खात्री पटेपर्यंत सही करू नये.

माझे उस्ताद सूक्ष्मतरंगांचे नावही न ऐकता गेले. आज ते असते तर मी त्यांना सांगितले असते की आग आतूनही लागू शकते. त्यांनी बहुधा विचारले असते, "आणि बेटा, ती हुकमाने चालते का?" मी उत्तर दिले असते, नाही उस्ताद, अजून तरी नाही.